कागद यायचाय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे संस्थापक, आपल्या सर्वांचे मोठे सर, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, आरोग्य खात्याचे निवृत्त उपसंचालक, आदरणीय मेट्रनबाई, माझे वरिष्ठ आणि सहकारी डॉक्टर, परिचारिका भगिनी, वॉर्डातले मामा आणि मावश्या, प्रयोगशाळेतली, क्ष-किरण विभागातली आणि औषधांच्या खिडकीवरची मंडळी, आणि ज्यांच्यासाठी आज ही सभा भरली आहे त्या आपल्या सिस्टर, त्यांचे यजमान आणि पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक. आपणा सर्वांना माझा विनम्र नमस्कार.

सिस्टरांबद्दल दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. दोन शब्द म्हणून उठलेला माणूस किती वेळ घेतो याचा अनुभव आपल्या सर्वांना आहे, त्यामुळे मी आधीच माफी मागून ठेवतो. आपले सूत्रसंचालक हातातल्या घड्याळाकडे बोट दाखवतील, तेव्हा मी ते पाहिलं नाही असं समजावं.

आत्ताच मानपत्राचं वाचन झालं. भाषा सुंदर आहे. 'करुणेची मूर्ती' म्हटलंय. सिस्टर गालात हसल्या ते मी इथून पाहिलं. ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलंय त्यांना विचारा, मूर्ती वगैरे काही नाही, या बाई हलतात, बोलतात आणि वेळेला झापतातसुद्धा. मानपत्रात पुढे असंही आहे की, एकतीस वर्षं सिस्टरांनी वॉर्डाची अखंड सेवा केली. अखंड. या एका शब्दापाशी मी अडखळलो. कारण ती सेवा पाच महिने खंडित झाली होती. त्या पाच महिन्यांत सिस्टर तळघरातल्या निर्जंतुकीकरणाच्या खोलीत होत्या. वाफेच्या यंत्रापुढे उभं राहून कात्र्या, चिमटे आणि कापसाचे डबे मोजत होत्या. मानपत्र लिहिणाऱ्यांची यात चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नसेल. त्या पाच महिन्यांबद्दल नीट सांगू शकतील अशी माणसं या सभागृहात तीनच आहेत. एक सिस्टर, एक मोठे सर आणि एक मी.

मला सगळे आज डॉक्टर म्हणतात. जुन्या मंडळींना माझं जुनं नाव आठवत असेल: विमान. मामा लोकांनी ठेवलेलं. मी परदेशात डॉक्टरकी शिकून आलो होतो ना! सहा वर्षं. तिथे वर्गात आम्हाला इंग्रजीत शिकवत आणि रुग्ण बोलत त्यांच्या भाषेत. मला त्या भाषेतली तीन वाक्यं येत होती. कुठे दुखतंय, श्वास घ्या आणि आभारी आहे. एकदा एका म्हाताऱ्या आजींना मी पहिलं वाक्य विचारलं. त्या बिचाऱ्या दहा मिनिटं बोलत होत्या. हातवारे करून, डोळ्यात पाणी आणून. मी मान हलवत राहिलो आणि कागदावर लिहिलं, 'विशेष तक्रार नाही'. प्राध्यापकांनी खाली सही केली. मी पुढच्या खाटेकडे गेलो.

तेव्हा मला याचं हसू आलं होतं. घरी फोन करून मी तो किस्सा रंगवून सांगितला होता.

परत आलो तेव्हा पदवी होती, पण परवाना नव्हता. परदेशात शिकून आलेल्यांना इथे आधी पात्रता परीक्षा द्यावी लागते, मग वर्षभर सरकारी रुग्णालयात उमेदवारी, आणि मग कौन्सिल नोंदणी क्रमांक देतं. त्या परीक्षेला आम्ही चाळणी म्हणायचो. मी पहिल्यांदा चार गुणांनी गेलो. दुसऱ्यांदा अकरा गुणांनी. म्हणजे अभ्यास वाढला तसे गुण कमी झाले. तिसऱ्यांदा किती गुणांनी ते मी घरी सांगितलंच नाही.

माझे वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. केसाएवढा फरक त्यांना बोटाने कळायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "काय, मुलगा डॉक्टर झाला ना?" वडील काचेवरून नजर न काढता म्हणायचे, "झाला. कागद यायचाय." आई शेजारपाजारी तेच सांगायची. माझी आत्या मात्र स्पष्टवक्ती. "आमच्याकडे अर्धा डॉक्टर आहे," म्हणायची आणि गुडघा पुढे करायची. माझ्या नावाची पाटी आईने पहिल्या परीक्षेआधीच करून आणली होती. ती जुन्या पातळात गुंडाळून कपाटामागे उभी होती. केर काढताना आई ती उचलून पुसायची आणि परत ठेवायची. बोलायची काही नाही. त्या न बोलण्याचा मला फार धाक वाटायचा.

अशा वेळी मोठ्या सरांनी मला बोलावलं. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. "अरे, घरी बसून हात गंजतील तुझे. ये इकडे. कोट घाल, वॉर्ड बघ." मी म्हटलं, "सर, पण नंबर नाही माझ्याकडे." सरांनी टेबलाचा खण उघडला आणि स्वतःचा शिक्का माझ्या हातात ठेवला. "हा आहे ना! सही बारीक कर, शिक्का ठसठशीत मार. वाचतंय कोण?"

अध्यक्ष महोदय, मी आपला अवमान करण्यासाठी उभा नाही. आपण बसून घ्यावं, ही विनंती. मी फक्त जे झालं ते सांगतोय.

पहिल्या दिवशी कोट घालून मी वॉर्डात गेलो. सिस्टर औषधांच्या ट्रेपाशी उभ्या होत्या. मी एका रुग्णाच्या कागदावर इंजेक्शन लिहून कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि अगदी अदबीने विचारलं,

"डॉक्टर, तुमचा नोंदणी क्रमांक?"

"यायचाय," मी म्हटलं.

"बरं. आला की सांगा. तोवर मी तुम्हाला दादा म्हणेन. राग मानू नका."

आणि त्यांनी फोन उचलून नोंदणी असलेल्या डॉक्टरांना विचारलं, मग इंजेक्शन दिलं आणि कागदावर लाल शाईने लिहिलं, 'फोनवर विचारून दिले'. वेळ आणि सही. रुग्णासमोर, नातेवाइकांसमोर, मामा-मावश्यांसमोर त्या मला दादा म्हणायच्या. दादा, जरा बाजूला व्हा. दादा, हा डोस कुणी सांगितला? मला वाटायचं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. मी घरी जाऊन म्हणायचो, वॉर्डात एक खाष्ट बाई आहे, तिला माझं शिक्षण खुपतं.

दोन महिन्यांत लाल शाईचे कागद फार झाले. विम्याच्या तपासणीसाला ते दिसले आणि त्याने विचारणा केली. त्यानंतरच्या सोमवारी सिस्टरांच्या हातात बदलीची चिठ्ठी पडली. कारण होतं, 'प्रशासकीय सोय'. त्यांनी कॅप काढून टेबलावर ठेवली, किल्ल्या दिल्या आणि खाली गेल्या. मला काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं. त्या दिवसापासून या इमारतीत मला कुणीच काही विचारलं नाही. मी लिहायचो, ते द्यायचे. मी म्हणायचो, ते करायचे. पहिल्या महिन्यात मजा वाटली. दुसऱ्या महिन्यापासून भीती वाटायला लागली. पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि खाली काहीच नसावं, तशी. पण कुणाला सांगणार? सगळे डॉक्टर, डॉक्टर म्हणत होते. ते ऐकायची चटक लागते, मित्रहो. फार लवकर लागते.

सूत्रसंचालकांनी घड्याळ दाखवलं. मी पाहिलं नाही.

पाचव्या महिन्यातली एक दुपार. अडीच वाजले असतील. मोठे सर शस्त्रक्रियेत होते, दुसरे डॉक्टर जेवायला घरी गेले होते. एक बाई आल्या. चाळिशीच्या आसपास. शिवणकाम करायच्या. गळ्यात मोजायची फीत तशीच होती, काढायची राहिली होती. सोबत त्यांचे यजमान. पोटात वरच्या बाजूला दुखतंय, मळमळतंय, घाम येतोय. सकाळी उपाशी होते, त्यामुळे पित्त झालं असेल, असं बाईच म्हणाल्या. मलाही ते पटलं. तरी मी ईसीजी काढला, तेवढी अक्कल होती. पट्टी बाहेर आली. खालच्या बाजूच्या तीन नोंदींमध्ये रेषा किंचित वर उचलली होती. अर्धा चौकोन. त्याहून कमी असेल.

मी ती पट्टी हातात धरून उभा होतो. हृदयविकाराच्या झटक्याचं असं चित्र मी परदेशात पडद्यावर पाहिलं होतं. पण जिवंत माणसाच्या छातीतून आलेलं असं चित्र मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. हे ते आहे की नाही? शस्त्रक्रियागृहात जाऊन सरांना विचारावं का? पाच पावलांचा रस्ता. पण विचारलं तर आतल्या सगळ्यांना कळणार की याला येत नाही. मी मनात म्हटलं, बाईंचं वय लहान आहे, यंत्र जुनं आहे, तारा हलल्या असतील.

तेवढ्यात त्या बाई माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या बाहीची शिवण उसवलीय. उद्या आणून द्या, घालून देते."

मी हसलो. पित्ताचं इंजेक्शन दिलं. कागदावर लिहिलं, 'ईसीजी सर्वसाधारण'. शिक्का ठसठशीत मारला. त्यांना घरी पाठवलं.

संध्याकाळी सहाला त्यांना परत आणलं. गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून. यजमानांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ते एकसारखे म्हणत होते, "ही आत्ता बोलत होती, आत्ता बोलत होती." आम्ही पाऊण तास झटलो. मोठे सरही होते, त्यांनी जिवाचं रान केलं, हेही मी सांगितलं पाहिजे. बाई गेल्या.

मग सरांनी मला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं.

"दुपारी आली होती?"

"हो."

"कागद कुठाय?"

मी दिला. सरांनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या खिशात ठेवला. मग ते फार शांतपणे बोलले. त्या शांतपणाची मला आजही धडकी भरते.

"ऐक. शिक्का माझा आहे, म्हणजे ती मी तपासली. पण मी तेव्हा शस्त्रक्रियेत होतो, त्याची नोंद आहे. म्हणजे मी तपासली नाही. आणि तू तर या रुग्णालयाच्या कुठल्याच रजिस्टरात नाहीस. मग तिला कुणी तपासलं?"

उत्तर सरांनीच दिलं.

"कुणीच नाही. ती दुपारी आलीच नाही. संध्याकाळी आणली, आणण्यापूर्वीच गेलेली होती. तसा नवा कागद होईल. ईसीजीची पट्टी फाडून टाक. आणि रडू नकोस. जो माणूस इथे नाहीच, त्याच्या हातून चूक कशी होईल?"

अध्यक्ष महोदय, यातला एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल, तर आपण दुरुस्ती करावी. मी थांबतो.

ठीक आहे. पुढे बोलतो.

आणि ज्यांच्या हातात माइकची वायर आहे त्या मामांना सांगतो, माइक बंद केलात तरी हरकत नाही. हॉल लहान आहे.

नवा कागद झाला. यजमानांनी तो घेतला. त्यांना कुणीतरी, कोण ते मला माहीत नाही, एवढंच म्हणालं, "आणायला उशीर केलात हो." त्यांनी मान हलवली. ते दुपारी येऊन गेले होते, हे त्यांना माहीत होतं. पण त्यांना वाटलं, डॉक्टरांनी पित्त सांगितलं म्हणजे दुपारी पित्तच असणार. पुढचं आपल्याला ओळखता आलं नाही. आपण तासभर आधी उचलून आणायला हवी होती. शिकलेल्या माणसावर इतका विश्वास!

पट्टी मी फाडली नाही. का नाही, ते सांगता येत नाही. हात धजला नाही. चुरगळून कोटाच्या खिशात कोंबली. आणि दुसऱ्या दिवशी तोच कोट धुवायला टाकला.

धुवायचे कोट तळघरात जायचे. तिथे सिस्टर प्रत्येक खिसा तपासायच्या, कारण खिशात सुया निघायच्या. दुपारी त्यांनी मला निरोप पाठवला. मी खाली गेलो. वाफेने खोली भरली होती. त्यांनी पट्टी टेबलावर नीट उलगडून, दोन्ही टोकांना कात्र्या ठेवून सपाट केली होती. पट्टीच्या कोपऱ्यात यंत्राने छापलेली तारीख आणि वेळ होती. दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं.

"दादा, कोट टाकताना खिसे बघत जा."

मी पट्टीवरची वेळ वाचली.

"काल गेलेल्या त्या बाई संध्याकाळी आल्या म्हणून लिहिलंय ना?"

"हो."

"मग ही वेळ कुणाची?"

मी खाली बघत होतो.

"हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

"थोडं कळलं होतं."

"थोडं! मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, मला येत नाही."

यंत्राची शिट्टी झाली, सिस्टरांनी ते बंद केलं आणि परत आल्या. मला वाटलं, आता या बाई मला पोलिसांत देतील. खरं सांगतो, मला ते हवं होतं.

त्या म्हणाल्या, "मी सांगितलं तर बदलीचा सूड उगवला म्हणतील. कागद बदललेला आहे. ही पट्टी कुणाची, त्यावर नाव नाही. तुम्ही सांगितलंत तरच ते खरं ठरेल. आज तुमच्यात ती ताकद नाही, हे मला दिसतंय. पण कोट काढा. आत्ता, इथे."

मी कोट काढला. त्यांनी तो धुण्याच्या ढिगात टाकला. ईसीजीचा कागद काही वर्षांत पांढरा पडतो, म्हणून त्यांनी त्याच दिवशी पट्टीची झेरॉक्स काढून ठेवली, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

त्याच आठवड्यात सिस्टरांना परत वॉर्डात घेतलं. कारण तेच, 'प्रशासकीय सोय'.

मी घरी बसलो. वडिलांना वाटलं, अभ्यासासाठी सुट्टी घेतली. पंधरा दिवसांनी सिस्टरांचा फोन आला. "दादा, भेटायची वेळ चार ते सहा असते. भेटायला येणाऱ्याला इथे कुणी अडवू शकत नाही. या." मग मी रोज चारला यायचो. कोट नाही, स्टेथोस्कोप नाही. सिस्टर मला एका खाटेशेजारच्या स्टुलावर बसवायच्या. काम एकच. रुग्णाशी बोलायचं आणि तो बोलेल ते ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. एका मिनिटात श्वास किती होतात ते मोजायचं, आणि पूर्ण मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही. पाण्याचं भांडं द्यायचं, लघवीचं भांडंही द्यायचं. सहा वाजले की त्या विचारायच्या, "काय ऐकलंत?" मी सांगायचो. "अजून?" मी आणखी सांगायचो. "अजून?"

नऊ महिने. परदेशातली सहा वर्षं मी माना हलवण्यात घालवली. ऐकायला मी त्या स्टुलावर शिकलो. पुढच्या चाळणीला पास झालो, आणि गुण किती ते घरी सांगण्यासारखं होतं. उमेदवारी झाली. कौन्सिलचं पत्र आलं. आईने पाटी कपाटामागून काढली, वडिलांनी स्वतः भिंतीला भोक पाडून ती लावली. मी मात्र पत्र घेऊन आधी वॉर्डात आलो होतो. सिस्टरांनी क्रमांक वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाल्या, "या, डॉक्टर." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आता सांगणार?"

मी म्हटलं, "थोडं स्थिरस्थावर होऊ द्या."

त्यांनी परत कधीही विचारलं नाही. मी पुढचं शिक्षण घेतलं, लग्न झालं, सात वर्षांपूर्वी इथेच फिजिशियन म्हणून आलो. रोज वॉर्डात त्यांची गाठ पडायची. त्या न विचारण्यात किती मोठा प्रश्न होता, ते ज्याला विचारलं जात नाही त्यालाच कळतं.

आणि चार वर्षांपूर्वी माझ्या बाह्यरुग्ण विभागात एक गृहस्थ आले. साखर वाढली होती. नाव वाचलं आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी मला ओळखलं नाही. दर तीन महिन्यांनी ते येतात. वागायला साधे, पथ्य पाळणारे. आणि उठताना दर वेळी, अगदी दर वेळी, म्हणतात, "डॉक्टर, आमची मंडळी याच दवाखान्यात गेली. मी आणायला उशीर केला." मी म्हणायचो, "असं मनाला लावून घेऊ नका." सोळा वेळा म्हणालोय. मी मोजलंय.

अजूनही मी बोललो नसतो. माणूस कशालाही सरावतो. पण या वर्षी वरच्या मजल्यावरचा नवा विभाग सुरू झाला आणि तिथे दोन नवे कोट दिसायला लागले. दोघेही परदेशातून शिकून आलेले. एक मुलगी आहे, एक मुलगा. हुशार आहेत, नम्र आहेत. गेल्या महिन्यात मी त्या मुलीचा एक कागद पाहिला. सही बारीक होती आणि शिक्का ठसठशीत. मी तिला विचारलं, "तुमचा क्रमांक?" ती लाजून म्हणाली, "सर, कागद यायचाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मला लागली. तेच मला सकाळी सहन झालं नाही.

गेल्या मंगळवारी ते गृहस्थ आले. मी दार लावून घेतलं आणि त्यांना सगळं सांगितलं. दुपार, पट्टी, पित्ताचं इंजेक्शन, शिक्का, नवा कागद. ते ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं,

"म्हणजे मी उशीर केला नव्हता?"

"नाही. तुम्ही वेळेवर आणलं होतंत. उशीर आम्ही केला."

"दुपारी ओळखलं असतं तर वाचली असती?"

"नक्की सांगता येत नाही. पण शक्यता चांगली होती."

त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. मग ते म्हणाले, "बारा वर्षं मी पोरीशी मान वर करून बोललो नाही, डॉक्टर. तिच्या आईला मी मारलं असं वाटायचं मला." उठले. औषधाची चिठ्ठी तिथेच राहिली. दारापाशी थांबून म्हणाले, "तुम्हाला काय म्हणावं, ते आत्ता सुचत नाही. सुचलं की येईन."

ते अजून आलेले नाहीत. दार वाजलं की मी उठून उभा राहतो.

त्याच दिवशी मी कौन्सिलला पत्र लिहिलं. स्वतःबद्दल लिहिलं, शिक्क्याबद्दल लिहिलं, आणि आज वरच्या मजल्यावर काय चाललंय तेही लिहिलं. पाठवण्यापूर्वी ते सिस्टरांना दाखवायला गेलो. त्या घरी निवृत्तीची कागदपत्रं लावत बसल्या होत्या. मी म्हटलं, "निरोपाच्या सभेत मला हे बोलावं लागेल. तुमचा सत्कार बिघडेल."

"बिघडू द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी पत्र सावकाश वाचलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "यात माझं नाव नाही."

"तुमचा काय संबंध?"

"झेरॉक्स माझ्या कपाटात होती बारा वर्षं. मी वाट बघत बसले. तुम्हाला शहाणपण सुचेल म्हणून मी त्या माणसाला बारा वर्षं जाळलं. तो मला बाजारात भेटायचा, दादा. मी रस्ता बदलायचे." आणि माझ्या सहीखाली त्यांनी सही केली. त्यांची लेक तिथेच उभी होती. ती आता खाली मान घालून बसली आहे. बेटा, वर बघ. तुझ्या आईने काही लपवण्यासारखं केलं असेल, तर ते तिने स्वतःच्या हाताने उघडं केलंय. असं करणारी माणसं या व्यासपीठावर फार नाहीत.

पत्राची पोच काल मिळाली. चौकशीसाठी सोमवारी माणसं येणार आहेत. माझा परवाना राहील की जाईल, मला माहीत नाही. जावा असंही वाटतं, राहावा असंही वाटतं. माझे वडील आता थकले आहेत, त्यांना मी काल सांगितलं. ते बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. मी तिथे थांबलो नाही.

शेवटच्या रांगेत कोट घालून बसलेल्या त्या दोघांना एवढंच सांगतो. तुम्हाला मी इथे मुद्दाम बोलावून बसवलंय. तुमच्या विभागात आत्ता माझे सहकारी आहेत, रुग्णांची काळजी नको. कोट इथेच काढून ठेवा आणि घरी जा. आई-वडिलांना काय सांगायचं हा प्रश्न अवघड आहे, मला ठाऊक आहे. तरी जा. उद्यापासून मला बहुधा पुष्कळ वेळ असणार आहे. परीक्षेचा अभ्यास माझ्याकडे येऊन करा.

माझं बोलणं लांबलं. मोठ्या सरांनी मला व्यासपीठ दिलं, प्रमुख पाहुण्यांनी पुढच्या कार्यक्रमाची घाई असूनही ऐकून घेतलं, आयोजकांनी आणि सूत्रसंचालकांनी मला मध्येच खाली बसवलं नाही, त्याबद्दल त्यांचा ऋणी आहे. सिस्टर, तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य लाभो, एवढीच इच्छा. पुष्पगुच्छ तुम्हाला माझ्या हातून घ्यायचा नसेल, तर तो तुमच्या लेकीकडे देतो.

बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, मानपानात काही उणं-अधिक झालं असेल, तर तेवढं मोठ्या मनाने पोटात घालावं. बाकीचं मात्र आता कुणीच पोटात घालू नये.

नमस्कार.